सरळ कड

(माण तालुक्यांतील सुतार, लोहार व शेतकरी मंडळींपुढें केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्हीं जो विषय घेतला आहे तो ऐकून कित्येकांस हंसूं येईल. सभांतून मोठमोठ्या गोष्टींचीं व्याख्यानें होतात, आणि आम्ही मात्र फळीची कड सरळ कशी करावी एवढेंच सांगावयास उभे राहिलों आहों. परंतु ज्या गोष्टीवर आपल्या घरची भाकरी अवलंबून आहे ती गोष्ट लहान नव्हे. आपल्या बांधावरची बाभूळ सरपण म्हणून जाते कीं दाराची फळी म्हणून जाते, हें तिच्या कडेवर ठरतें. तेव्हां थोडा वेळ शांतपणें ऐकावें अशी विनंति आहे.

प्रथम आपल्या मुलखाकडे पाहूं. माण हा अवर्षणाचा मुलूख. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस आपल्यापर्यंत पोहोंचेतों रिकामा होतो. येथें सागाचीं सरळसोट वनें नाहींत. आहे ती बांधावरची बाभूळ, दारचा कडुनिंब, ओढ्याकाठचें जांभूळ आणि देवळापुढची चिंच. थोड्या पाण्यावर व वाऱ्याच्या माऱ्यांत हीं झाडें वांकडींतिकडीं वाढतात. पण वांकडें लाकूड म्हणजे वाईट लाकूड नव्हे. बाभळीच्या कठीणपणावर आपल्या बापजाद्यांच्या गाड्या व नांगर चालले. कडुनिंबाच्या लाकडास किडीचें भय कमी. असें असतां व्यापारी येतो, झाडाभोंवतीं एक फेरी मारतो, ‘वांकडें आहे, जळणाचेंच’ असें म्हणतो, आणि आपण मान डोलावतों. पुढें मुलीच्या लग्नाच्या आधीं घरास दार बसवावयाचें झालें, कीं आपणच शहरच्या दुकानांत जाऊन सरळ कडेची फळी मोजून दाम देऊन आणतों. लाकूड आपलें स्वस्त गेलें व लाकूड दुसऱ्याचें महाग आलें. मधला जो फरक तो सरळपणाचा आहे. ज्याच्या हातीं सरळ करण्याची विद्या व साधन, त्याच्या पदरीं तो फरक पडतो.

आतां ही विद्या कोणाची? ‘सुतार’ हा शब्द ‘सूत्रधार’ या शब्दापासून आला असें सांगतात. सूत्र म्हणजे दोरी. गेरूंत भिजविलेली दोरी ताणून लाकडावर मारली कीं तांबडी रेघ उमटते, आणि त्या रेघेबरहुकूम जो चालतो तो सुतार. इंचाचा आठवा हिस्सा म्हणजे एक सूत, हें माप आजहि आपल्या कारागिरांच्या तोंडीं आहे. म्हणजे शास्त्र, माप व भूमिति हीं आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या होतीं. परंतु पोथी म्हणणारा पंडित ठरला आणि भूमिति हातानें करणारा बलुतेदार ठरला. त्याच्या ज्ञानास कोणी ज्ञान म्हटलें नाहीं, त्याला खळ्यावरचें बलुतें देऊन वाटेला लावलें. उलटपक्षीं आपणहि एक चूक जपून ठेवली. सुताराची विद्या सुताराच्या मुलासच, लोहाराची लोहाराच्या मुलासच, असें कुलूप लावून बसलों. जोतीराव फुल्यांच्या घराण्याचें मूळ गांव कटगूण हें आपल्या शेजारच्याच खटाव तालुक्यांतलें. २४ सप्टेंबर १८७३ रोजीं त्यांनीं पुण्यास सत्यशोधक समाज स्थापिला, आणि १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन देतांना शेतकऱ्यांच्या मुलांच्या शिक्षणांत शेतीचें व व्यवहाराचें ज्ञान असावें असा आग्रह धरला. त्या विचाराचा अर्थ आम्ही असा घेतों, कीं हाताची विद्या ही कोणा एका जातीची मिरास नव्हे. धनगराच्या मुलानें, महाराच्या मुलानें, कुणब्याच्या मुलीनें ती शिकावी. आणि सुताराच्या मुलास डॉक्टर व्हावयाचें असेल तर त्यानें डॉक्टर व्हावें.

यंत्राविषयीं आपल्या मनांत एक जुनी सल आहे, तिचाहि विचार करूं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं औंध संस्थानांत कुंडलजवळ किर्लोस्करवाडी वसविली आणि तेथून लोखंडी नांगर गांवोगांव गेले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनींहि कांहीं काळ या नांगरांच्या विक्रीचें काम केलें. त्याच भाऊरावांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था काढली. लोखंडी नांगर खोल जातो, तण मुळासकट काढतो. शेतकऱ्याचें त्यांत हित झालें यांत शंका नाहीं. परंतु लाकडी नांगर गेला तसा सुताराच्या बलुत्याचा मोठा आधार गेला. पुढें विहिरीवर इंजिनें व पंप आले, मोटेचा लाकडी साज गेला. गाडीस रबरी टायर आले, लाकडी चाक गेलें. एकामागून एक काम गेलें आणि सुतार म्हणूं लागला कीं यंत्रानें आम्हांस बुडविलें. बांधवहो, यंत्रानें बुडविलें नाहीं. यंत्र दुसऱ्याच्या दारीं राहिलें म्हणून आपण बुडालों. आज जें काम उरलें आहे तें दारें, चौकटी, खाटा, कपाटें व शाळेचीं बांकें यांचें. या सगळ्या कामांस रुंद फळी लागते, आणि आपल्या झाडांतून निघते ती अरुंद फळी. दोन-तीन अरुंद फळ्या कडेला कड लावून जोडल्या तरच त्यांची रुंद फळी होते. आणि कड सरळ नसेल तर जोड बसत नाहीं. म्हणून या धंद्याची किल्ली कडेंत आहे.

आतां मुख्य कामास लागूं.

फळी वांकडी कां होते, हें आधीं समजून घ्यावें. ओलें लाकूड वाळतांना आंखडतें, पण सर्व बाजूंनीं सारखें आंखडत नाहीं. लांबींत जवळ जवळ नाहींच; आणि रुंदींत जें आंखडणें होतें तें खोडाच्या गोल वलयांच्या दिशेनें, गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या आंखडण्याच्या सुमारें दुप्पट असतें. त्यामुळें फळीस पन्हळ पडते, पीळ पडतो, बांक येतो. तेव्हां ओल्या फळीची कड आज सरळ केली तर महिन्यानें ती पुन्हां वांकडी होणार; केलेली मेहनत फुकट. फळ्या चिरल्यावर जमिनीपासून उंच, सांवलींत, एकीवर एक रचाव्या व दोन फळ्यांच्या मध्यें सारख्या जाडीच्या पट्ट्या एकाखालीं एक येतील अशा ठेवाव्या, म्हणजे वारा खेळतो. फळ्यांच्या टोंकांस रंग किंवा मेण फांसावें, म्हणजे टोंकें आधीं वाळून चिरत नाहींत. एक इंच जाडीस सुमारें एक वर्ष हा सुतारांचा जुना आडाखा आहे. आपली हवा कोरडी असल्यामुळें काम थोडें लवकर होतें, पण म्हणून चैत्राच्या उन्हांत फळ्या टाकूं नयेत. बाभळीचें लाकूड वाळविण्यापूर्वीं कांहीं दिवस पाण्यांत बुडवून ठेवण्याची जी रीत आपल्याकडे आहे ती टाकाऊ नाहीं. तेणेंकरून कीड कमी लागते.

दुसरी गोष्ट हिशेबाची आहे, आणि ती ज्यास कळली त्याचें पुष्कळ लाकूड वांचलें. समजा, आपणांपाशीं ६ फूट लांब व ९ इंच रुंद अशी फळी आहे, आणि ती धनुष्यासारखी वांकली आहे. दोन टोंकांत दोरी ताणली तर मध्यें पाऊण इंच, म्हणजे ६ सूत, पोकळी दिसते. ही फळी अख्खी सरळ करावयाची तर ९ इंचांतून पाऊण इंच जाणार, म्हणजे बारावा हिस्सा. पण आपणांस पाहिजेत खिडकीच्या झडपेसाठीं ३ फुटांचे तुकडे. तर फळी आधीं मधोमध कापा व मग सरळ करा. लांबी निम्मी झाली कीं बांक निम्मा होत नाहीं, चौथाई होतो. ६ सुतांच्या जागीं दीड सूत राहतें. म्हणजे बाराव्या हिश्शाऐवजीं अठ्ठेचाळिसावा हिस्सा जातो. दोन फुटांचे तीन तुकडे केले तर बांक नववा हिस्सा उरतो. तेव्हां नियम हा कीं, आधीं लांबीस काप, मग कडेस हात. वांकड्या झाडाचा तोटा या एका नियमानें पुष्कळ भरून निघतो. आपल्या माणच्या झाडांस लांब फळी देतां येत नाहीं, पण आखूड सरळ फळी भरपूर देतां येते. खुर्ची, पाट, झडप, पेटी, यांस आखूड फळीच लागते.

कड सरळ करण्याच्या तीन रीती आहेत. एक हाताची, दुसरी रंधा मशीनची, तिसरी चक्री करवतीची.

हाताची रीत आपल्या वडीलधाऱ्यांस ठाऊक आहे, तरी नव्या मुलांसाठीं सांगतों. फळी डोळ्यासमोर धरून एका टोंकाकडून पहावी. माणसाचा डोळा अर्ध्या सुताचा बांकहि ओळखतो. मग गेरूची दोरी मारावी, तासणीनें रेघेबाहेरचें लाकूड काढावें, आणि लांब रंध्यानें कड साफ करावी. रंधा जितका लांब तितकी कड सरळ, कारण आखूड रंधा खळग्यांत उतरतो व लांब रंधा खळग्यावरून जातो. एक युक्ति फार मोलाची आहे. ज्या दोन फळ्या जोडावयाच्या त्या दोन्ही पुस्तकाच्या पानांप्रमाणें मिटवून एकत्र आवळाव्या व दोघींच्या कडा एकदम रंधाव्या. रंधा थोडा कलला तरी एकीचा कल दुसरीच्या उलट येतो, आणि फळ्या उघडून जोडल्या कीं जोड सपाट बसतो. जोड तपासावयाचा तर एकीच्या कडेवर दुसरी उभी करून पाठीमागें दिवा धरावा. उजेड दिसला कीं रंधा पुन्हां उचलावा.

रंधा मशीन म्हणजे उलटा ठेवलेला मोठा रंधा. हातरंध्यांत फळी स्थिर व पातें फिरतें. येथें पात्याचा रूळ एका जागीं फिरतो व फळी त्यावरून सरकते. त्यास दोन टेबलें असतात. ज्या टेबलावरून फळी आंत जाते तें पहिलें, ज्यावर ती बाहेर येते तें दुसरें. दुसरें टेबल पात्यांच्या सर्वांत उंच टोंकाच्या अगदीं बरोबरीस असलें पाहिजे, आणि पहिलें टेबल जेवढें लाकूड काढावयाचें तेवढेंच खालीं. कडेस एका वेळीं अर्धें सूत पुरे. या यंत्राचें सारें मर्म या दोन टेबलांच्या उंचींत आहे. दुसरें टेबल खालीं राहिलें तर फळीचें शेवटचें टोंक दचकून खालीं बसतें व तेथें खांच पडते. तें वर राहिलें तर फळीचें पुढचें टोंक त्यास अडतें, किंवा कड उतरती होते. कित्येक ठिकाणीं ‘मशीन खराब आहे’ म्हणून दोष देतात, तेथें मशीन खराब नसतें, हें टेबल चुकलेलें असतें.

काम करण्याचा क्रम असा. आधीं फळीचें एक तोंड सपाट करावें. पीळ असलेली फळी कडेवर कधींहि नीट उभी राहत नाहीं. मग तें सपाट तोंड उभ्या गाईडपट्टीस टेकवून, फळीची पोकळ कड खालीं करून फळी सरकवावी. पोकळ कड खालीं ठेविली म्हणजे दोन टोंकें टेकतात व फळी डुलत नाहीं. फुगीर कड खालीं ठेविली तर पाळण्यासारखी डुलते. पहिल्या एक-दोन खेपांस फक्त टोंकें कापलीं जातील, घाबरूं नये. कापलेली जागा सलग दिसूं लागली कीं कड झाली. फळी पात्यांपलीकडे हातभर गेली कीं दाब दुसऱ्या टेबलावर द्यावा, कारण आतां सरळ भाग तेथें आहे. लाकडाचे तंतू ज्या बाजूस चढत जातात त्या बाजूनें फळी घातली तर कड फुटत नाहीं. उलटी घातली तर तुकडे उपटतात. शेवटीं गुण्या लावून काटकोन पहावा. दोन्ही टेबलांच्या एकूण लांबीच्या सुमारें दुपटीपर्यंतची फळी या यंत्रावर चांगली होते; त्याहून लांब फळीस हट्ट करूं नये. आणि हातभराहून आखूड तुकडा या यंत्रावर धरूंच नये, तो हातरंध्यानें करावा.

जोड करावयाच्या दोन फळ्यांपैकीं एकीचें चांगलें तोंड गाईडपट्टीकडे व दुसरीचें बाहेर ठेवून कडा काढाव्या. पट्टी काटकोनांत थोडी चुकली असली तरी एकीची चूक दुसरीची चूक खाते. हातरंध्याची जी युक्ति, तीच ही.

तिसरी रीत चक्री करवतीच्या टेबलाची, ज्यास आपण कटर मशीन म्हणतों. येथेंच सर्वांत अधिक बोटें जातात, म्हणून येथें कान देऊन ऐकावें. या टेबलावर गाईडपट्टी असते, आणि फळीची जी कड पट्टीस टेकते तिच्याप्रमाणें दुसरी कड कापली जाते. म्हणून पट्टीस टेकणारी कड आधींच सरळ असली पाहिजे. वांकडी कड पट्टीस लावली तर फळी सरकतांना डुलते, तिरपी होते, आणि चक्राच्या मागच्या दांतांवर जाते. मागचे दांत खालून वर येत असतात. ते फळी उचलून कामगाराच्या अंगावर फेंकतात. त्या झटक्यांत हात चक्रावर ओढला जातो. १० इंची चक्र मिनिटाला २,८८० फेरे घेत असेल, तर त्याच्या दांताचा वेग ताशीं सुमारें १३८ किलोमीटर होतो. डोळ्याचें पातें लवण्याआधीं जें व्हावयाचें तें होऊन जातें.

मग वांकडी फळी या टेबलावर सरळ करावी कशी? त्यास उपाय सोपा आहे. फळीपेक्षां थोडा लांब असा प्लायवुडचा एक पट्टा घ्यावा, ज्याची कारखान्यांतून आलेली कड सरळ आहे. हा पट्टा म्हणजे वांकड्या फळीची गाडी. फळी त्यावर अशी ठेवावी कीं तिचा वांकडा भाग पट्ट्याच्या बाहेर लोंबेल. मग ती शिकंजांनीं आवळावी, किंवा टाकून द्यावयाच्या भागांत स्क्रू मारून पक्की करावी. मात्र स्क्रू चक्राच्या वाटेंत येणार नाहीं हें पहावें. पट्ट्याची सरळ कड गाईडपट्टीस लावावी, पट्टी पट्ट्याच्या रुंदीइतक्या अंतरावर बांधावी, आणि पट्टा सरकवावा. लोंबणारा वांकडा भाग कापला जातो व फळीस पहिली सरळ कड मिळते. आतां फळी पट्ट्यावरून सोडवावी, नवी सरळ कड गाईडपट्टीस लावावी, आणि दुसरी कड कापावी. ती आपोआप पहिलीस समांतर येते. चक्राच्या जाडीनें सुमारें एक सूत लाकूड भुशांत जातें, तें हिशेबांत धरावें. कापलेली कड जोडास लावण्यापूर्वीं तिच्यावर रंध्याचा एक हात फिरवावा. असा एक पट्टा केला कीं तो वर्षानुवर्षें चालतो, आणि ज्याच्यापाशीं रंधा मशीन नाहीं त्याचेंहि काम होतें.

आपल्या बांधावरच्या झाडांत एक धोका असतो. कोणी कुंपणाची तार गुंडाळलेली असते, कोणी बैल बांधावयास खिळा ठोकलेला असतो, आणि झाड वाढतां वाढतां तें सर्व पोटांत घेतें. फळीवर निळा-काळा डाग दिसला कीं आंत लोखंड आहे असें समजावें. लोहचुंबक फिरवून पहावें व मगच यंत्राकडे न्यावी.

आतां बोटांविषयीं. दसऱ्यास, खंडेनवमीस, आपण यंत्रास हळदकुंकू लावतों, झेंडूची माळ घालतों, नारळ फोडतों. आणि त्याच यंत्राचा चक्रावर बसवावयाचा टोप ‘कामास आड येतो’ म्हणून कोपऱ्यांत धूळ खात पडलेला असतो! बांधवहो, नारळानें बोट वांचत नाहीं, टोपानें वांचतें. चक्राच्या मागें जें उभें लोखंडी पातें असतें तें कापलेली फट मिटूं देत नाहीं. बाभळीसारखें ताण धरून बसलेलें लाकूड कापतांना मिटतें व चक्र धरतें, तेव्हां हें पातें जीव वांचवितें. तें काढूं नये. चक्र लाकडाच्या वर दांताच्या उंचीइतकेंच काढावें. चक्राच्या समोर उभें न राहतां बाजूस उभें रहावें. शेवटची वीतभर फळी हातानें न ढकलतां काठीनें ढकलावी. धोतराचा सोगा, उपरणें, ओढणी, पदर, सैल बाही, यांपैकीं कांहींहि लोंबतें ठेवूं नये. फिरत्या यंत्रावर हातमोजे घालूं नयेत. मोजा दांतांत सांपडला कीं हातासकट जातो. तुकडा अडकला तर आधीं वीज बंद, चक्र पुरें थांबल्यावर हात. आणि नाकातोंडास फडकें बांधावें, होईल तितका भुसा पंख्यानें बाहेर ओढावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें १९९५ सालच्या अहवालांत लाकडाच्या भुकटीस माणसांत कर्करोग उत्पन्न करणारी म्हणून नोंदविलें आहे.

अमेरिकेंत स्टीफन गॅस नांवाच्या गृहस्थानें १९९९ सालीं अशी युक्ति काढली कीं, बोटाचा स्पर्श होतांच चक्र एका सेकंदाच्या हजाराव्या हिश्शांपैकीं सुमारें पांचांत जागच्या जागीं थांबतें. तें यंत्र महाग आहे. पण त्यावरून एवढें सिद्ध झालें कीं बोट जाणें हें नशिबांत लिहिलेलें नाहीं. नशिबाच्या नांवावर जें खपवितात तें पुष्कळदां कोणाच्या तरी काटकसरीचें फळ असतें.

जे दुसऱ्याच्या वखारींत रोजंदारीनें जातात त्यांस एक गोष्ट मुद्दाम सांगतों. नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. त्यांच्या पुढाकारानें १८८४ सालीं मुंबईच्या हजारों गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज गेला. त्यांत रविवारच्या सुटीबरोबर ही मागणी होती कीं, कामावर जबर इजा झालेल्या कामगारास बरा होईपर्यंत पुरा पगार मिळावा, आणि जन्माचा अधू झाला तर त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी. पुढें १९२३ सालीं भरपाईचा कायदा झाला. नंतर कायद्यांचीं नांवें बदललीं, पण हक्क बुडाला नाहीं. म्हणून मालकानें ‘तुझ्या चुकीनें झालें’ म्हणून पांचशें रुपये हातावर ठेवले तर तेवढ्यावर अंगठा देऊं नका. लिहून घ्या, दवाखान्याचा कागद जपून ठेवा, आणि चार माणसें घेऊन दाद मागावयास जा. टोप नसलेल्या यंत्रावर काम करण्यास नाहीं म्हणणें हा उद्धटपणा नव्हे.

शेवटीं साधनाचा प्रश्न. एकेका घरास रंधा मशीन व चक्री करवत घेणें परवडत नाहीं, आणि एकेका घरास तें रोज लागतहि नाहीं. एका दाराच्या फळ्यांच्या कडा काढावयास यंत्राचा तास-दीड तास पुरतो. बाकीचें काम हाताचें. तेव्हां आठ-दहा घरांनीं मिळून एक जोडी घ्यावी, ताशीं भाडें ठरवावें, वही ठेवावी व ती सर्वांस पाहतां यावी. त्यांत सुतार असोत, शेतकरी असोत, जातीचा प्रश्न नको. केंद्र सरकारनें १७ सप्टेंबर २०२३ रोजीं विश्वकर्मा योजना सुरू केली. तींत १८ धंदे घेतले, सुतारकाम त्यांत आहे. पांच ते सात दिवसांचें प्राथमिक शिक्षण व त्या काळांत दिवसास ५०० रुपये, अवजारांसाठीं १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि पहिल्यानें १ लाख व नंतर २ लाख रुपये कर्ज ५ टक्के व्याजानें, अशी तरतूद ठेविली. सांवकाराच्या व्याजाशीं हें व्याज ताडून पहा. आमचें म्हणणें एवढेंच कीं, मदत घ्यावी, पण ‘बापाचाच धंदा मुलानें करावा’ असा उपदेश तिच्याबरोबर कोणी दिला तर तो परत करावा. पांच-सात दिवसांत यंत्राची ओळख होते, हात बसत नाहीं. हात बसण्यास आपल्या गांवांतला जाणता कारागीरच पाहिजे, आणि त्यानें शेजारच्या मुलामुलींस शिकविण्यास तयार झालें पाहिजे.

कायद्याचीहि बाजू पहावी. चिंच, आंबा, जांभूळ यांसारखीं झाडें तोडण्यापूर्वीं १९६४ सालच्या वृक्षतोडीच्या कायद्याप्रमाणें परवानगी लागते. गोल ओंडके चिरण्याचा आरा बसवावयाचा तर वनखात्यास विचारल्यावांचून पाऊल टाकूं नये. आणि एक झाड पाडलें तर बांधावर पांच लावावीं, कारण या उघड्या मुलखांत सांवली ही फळीपेक्षांहि महाग आहे.

बंधुभगिनींनो, तीन गोष्टी आपणांस मागतों. पहिली, येत्या पावसाळ्यापूर्वीं जें झाड जळणास विकावयाचें ठरविलें असेल त्याचीं लांब-आखूड माणें सरपणांत घालण्याआधीं गांवच्या सुतारास दाखवावीं व त्यांतून किती फळी निघते तें लिहून काढावें. दुसरी, ज्याच्यापाशीं चक्री करवत आहे त्यानें आजच घरीं जाऊन टोप व मागचें पातें जागच्या जागीं बसवावें. तिसरी, प्रत्येक जाणत्या कारागिरानें आपल्या जातीबाहेरच्या एका मुलास किंवा मुलीस दोरी मारावयास, रंधा धरावयास व कड तपासावयास शिकवावें. या तिन्हींस पैसा लागत नाहीं. वर्षभरानें आपण पुन्हां जमूं, तेव्हां भाषण आम्ही करणार नाहीं. आपण केलेल्या फळ्या येथें मांडाव्या, आणि दोन फळ्यांच्या मध्यें दिवा धरून सर्वांनीं पहावें.

सत्याचा जय असो.